खेप पाच की सहा? शिरोलीतल्या एका वाहतूक पेढीच्या पगारपत्रकाचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली सहा ट्रेलरची एक वाहतूक पेढी. काम ठरलेलं: न्हावा शेवा बंदराकडून रिकामा कंटेनर आणायचा, फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, भरायचं आणि भरलेला कंटेनर बंदरात पोहोचवायचा. चार महिन्यांत तीन ड्रायव्हर सोडून गेले. कागदपत्रं बघणाऱ्या मुलीला नवी मुंबईतून जास्त पगाराचं बोलावणं आलं. गाड्या लावणाऱ्या ट्रॅफिक इनचार्जनं वाढ मागितली. मालकाच्या मनात आलं, सगळ्यांना सरसकट दहा टक्के वाढ देऊन टाकावी. ती द्यावी का, आणि दिली तर माणसं थांबतील का, हा इथला प्रश्न.

पेढी नमुन्याची आहे आणि रुपयांचे आकडे हिशेब उलगडावा म्हणून गोल करून धरलेले आहेत. डिझेल, टोल आणि भाडं बदललं की प्रत्येकानं आपले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा मांडावा. कायद्यातले आणि नियमांतले आकडे मात्र आहेत तसेच दिले आहेत.

ड्रायव्हरच्या हातात काय पडतं

या पेढीत ड्रायव्हरला महिना १०,००० रुपये कायम पगार आणि खेपेमागे ३,२०० रुपये भत्ता. खुराकी त्या भत्त्यातच धरलेली. महिन्याला सरासरी ५ खेपा होतात, म्हणजे १०,००० अधिक १६,०००, एकूण २६,०००. नोकरीला माणूस ठेवताना मालक हाच आकडा सांगतो, आणि तो खोटा नाही.

पण ड्रायव्हर महिन्यातले साधारण २२ दिवस घराबाहेर जेवतो. दोन वेळचं जेवण, नाष्टा, चहा, अंघोळीचे पैसे असे दिवसाला ३५० धरले तर ७,७०० रुपये तिथंच गेले. त्यावर डिझेलची तूट. पेढीनं गाडीचं अॅव्हरेज ठरवून दिलंय, त्यापेक्षा जास्त डिझेल लागलं तर फरक ड्रायव्हरच्या अंगावर. ही कपात महिन्याला १,५०० च्या आसपास येते. राहिले १६,८००. ज्यानं नोकरीला लागताना ४०,००० रुपयांची उचल घेतली आहे त्याचे त्यातूनही महिन्याला ४,००० वळते होतात. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात आठ तास शॉपमध्ये (कारखान्यात) काम करून रोज घरी जाणाऱ्या माणसाच्या पगाराशी ही रक्कम ताडून पाहिली, की ड्रायव्हर का टिकत नाहीत ते वेगळं विचारावं लागत नाही.

आता मालकाची दहा टक्के वाढ इथं लावून बघा. ती कायम पगारावर मिळणार, म्हणजे महिन्याला १,००० रुपये. डिझेलची तूटही तेवढ्यात भरून निघत नाही. त्याउलट त्याच महिन्यात एक खेप जास्त झाली तर ३,२०० रुपये येतात, आणि त्यासाठी जेवणाचा खर्च वाढत नाही, कारण ते दिवस नाहीतरी बाहेरच जाणार होते. ड्रायव्हरचा खर्च दिवसावर चालतो आणि कमाई खेपेवर. या दोहोंमधलं अंतर जितकं वाढेल तितका तो गरीब होतो, मग कागदावरचा पगार काहीही असो. म्हणून पगारपत्रकाला हात घालण्याआधी एका खेपेला किती तास लागतात आणि ते कुठं जातात, हे मोजणं भाग आहे.

एका खेपेचे ११४ तास

रिकामा कंटेनर उचलण्यापासून पुढचा रिकामा कंटेनर हाती लागेपर्यंतचा एक फेरा जीपीएसच्या नोंदीवरून मांडला तर चित्र असं दिसतं. उरणच्या बाजूच्या यार्डात रिकामा कंटेनर मिळायला ८ तास. वर कोल्हापूरला यायला १३ तास, त्यातले १० चालवण्याचे आणि ३ विश्रांतीचे. फौंड्रीच्या गेटवर आणि आत मिळून ३० तास. भरलेली गाडी खाली बंदराकडे न्यायला १७ तास, त्यातले १२ चालवण्याचे. बंदराच्या पार्किंग प्लाझापासून टर्मिनलमध्ये कंटेनर उतरेपर्यंत १६ तास. आणि पुढचं काम लागेपर्यंत आणखी ३० तास. बेरीज ११४, म्हणजे पावणेपाच दिवस. महिन्याचे कामाचे २६ दिवस धरले तर जेमतेम ५ खेपा बसतात.

या ११४ तासांपैकी चाक फिरतं ते फक्त २२ तास. पगारवाढीची सगळी बोलणी या २२ तासांच्या भत्त्यावर चालतात. बाकीच्या ९२ तासांतली विश्रांती आणि प्रत्यक्ष कामाचे थोडे तास सोडले, तर उरलेल्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

सगळे थांबे सारखे नाहीत. बंदरातले १६ तास पेढीच्या हातात फारसे नाहीत. फॅक्टरीत भरून आलेल्या निर्यातीच्या कंटेनरला जेएनपीएच्या (न्हावा शेवा बंदराच्या प्राधिकरणाच्या) पार्किंग प्लाझात कस्टमची परवानगी आणि टर्मिनलचा फॉर्म १३, म्हणजे कंटेनर आत घ्यायचा परवाना, मिळाल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. जहाज कोणत्या टर्मिनलला लागतं यावर गर्दी ठरते. तिथं पेढीनं आपले कागद चोख ठेवावेत, त्यापलीकडे फार काही करता येत नाही. खरी गळती शिरोलीतल्या ३० तासांत आहे, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर. म्हणूनच ती इतकी वर्षं दिसली नाही.

ट्रेलर फौंड्रीच्या गेटवर सकाळी ७ ला लागतो. प्रत्यक्ष कंटेनर भरायला ४ तास पुरतात. मग २६ तास कुठं गेले? मशीन केलेल्या कास्टिंगची अंतिम तपासणी दुपारपर्यंत चालते. गंजरोधक तेल, व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) पिशव्या, मग पॅलेट. निर्यातीच्या लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याचा, शिक्का लागतो, आणि शिक्क्याचे पॅलेट कमी पडले की सगळं तिथंच अडतं. फोर्कलिफ्ट एकच असतो, तो शॉपमधल्या कामाला गेला की डॉकवर (माल भरायच्या जागी) माणसं नुसती उभी. संध्याकाळी माल भरून होतो, पण इन्व्हॉइस आणि ई-वे बिल (माल रस्त्यानं न्यायला लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) करणारा माणूस सहाला घरी गेलेला असतो. म्हणजे सकाळपर्यंत थांबा. सकाळी कागद होतात, वजनकाट्यावर रांग लागते, आणि गाडी दुपारी एकला हायवेला लागते.

या सगळ्या वेळात ड्रायव्हर तक्रार करत नाही. तो कोल्हापूरचाच, कुणी वडणग्याचा, कुणी हुपरीचा. गाडी गेटवर लावून तो घरी जातो आणि मुलाबाळांत एक रात्र काढतो. त्याला ती सुट्टी वाटते, मालकालाही ड्रायव्हर खूश दिसतो. पण ही सुट्टी बिनपगारी आहे आणि तिची किंमत खेपेच्या रूपात जाते, हे महिनाअखेरीला हिशेब होतो तेव्हा कळतं.

सगळ्या प्रकरणाची मेख एका रजिस्टरमध्ये आहे. फौंड्रीच्या गेटवर सुरक्षारक्षकाकडे गाड्यांच्या आवक-जावकीची वही असते. पहिला रकाना गाडी नंबर, दुसरा ड्रायव्हरचं नाव, मग 'इन टाइम'. ट्रेलर सकाळी ७ ला येऊन बाहेर रस्त्याकडेला लागतो, पण वहीत नोंद होते ती डॉक मोकळा झाल्यावर, गाडी आत घेताना. दुपारचे ३. म्हणजे थांबण्याचे पहिले आठ तास कागदावर घडलेच नाहीत. करारात २४ तास मोफत थांबा आणि पुढं दिवसाला २,५०० रुपये हॉल्टिंग असं लिहिलेलं आहे. नोंद ३ ला सुरू झाली आणि गाडी दुसऱ्या दिवशी १ ला सुटली, म्हणजे २२ तास. हॉल्टिंग शून्य. खरा थांबा ३० तासांचा होता.

सहावी खेप कुणाची

मालकाच्या बाजूनं एका खेपेचं गणित बघू. भाडं ५२,०००. रिकामी गाडी लिटरला ४.५ आणि भरलेली ३.२ किलोमीटर देते असं धरलं, तर जाऊन-येऊन ८०० किलोमीटरला २१४ लिटर डिझेल, ९२ रुपयांच्या दरानं सुमारे १९,७००. टोल ७,५००. ड्रायव्हरचा भत्ता ३,२००. यार्ड आणि पार्किंगचा किरकोळ खर्च १,५००. टायर आणि देखभाल किलोमीटरला ६ रुपयांनी ४,८००. खर्च ३६,७००, हाती उरतात १५,३००.

महिन्याचा ठरलेला खर्च गाडीमागे असा: हप्ता ४८,०००, विमा, कर, पासिंग आणि परमिट मिळून १२,०००, ड्रायव्हरचा कायम पगार १०,०००, ऑफिसचा वाटा ६,०००. एकूण ७६,०००.

पाच खेपांचे होतात ७६,५००. म्हणजे महिनाभर गाडी पळवून गाडीमागे ५०० रुपये सुटतात. सहा खेपा झाल्या तर ९१,८००, म्हणजे १५,८०० सुटतात. धंद्याचा सगळा नफा सहाव्या खेपेत आहे. पगारवाढ द्यायची असेल तर ती तिथूनच येऊ शकते, दुसरीकडून आणायला पैसेच नाहीत. हा आकडा ड्रायव्हरपुढे उघड मांडायला बहुतेक मालक कचरतात. आमच्या मते मांडावा. ज्याच्या हातात गाडी आहे त्याला गाडीचा जमाखर्च माहीत असलाच पाहिजे.

भाडं वाढवून घेऊन हे साधेल का? एका पेढीला ते जमत नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं अॅक्सलचा भार वाढवला, तीन अॅक्सलच्या ट्रकचं मालासह एकूण वजन २५ वरून २८.५ टनांवर गेलं. रस्त्यावर एकही नवी गाडी न येता वाहून नेण्याची क्षमता एका फटक्यात वाढली, आणि त्याचा दाब भाड्यावर आला. भाडं बाजार ठरवतो, थांबा मात्र करारात ठरवता येतो.

काय बदलायचं

आधी थांबा, मग पगार. हा क्रम उलटला तर पेढी बुडीत जाते, ते पुढच्या आकड्यांत दिसेल.

फौंड्रीबरोबरच्या करारात तीन गोष्टी बदलायच्या. मोफत थांबा २४ तासांवरून ८ तासांवर आणायचा, आणि पुढं दिवसाचा दर न लावता तासाला १५० रुपये. दिवसाचा दर असला की २३ तासांना काहीच मिळत नाही, हाच त्यातला दोष. दुसरी गोष्ट, वेळ कधीपासून मोजायची ते लिहून घ्यायचं: गाडी गेटवर पोहोचल्याचं जीपीएस दाखवेल तेव्हापासून, वहीतल्या नोंदीपासून नाही. ड्रायव्हरनं पोहोचताच गेटच्या पाटीसह गाडीचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा आणि बिल्टीच्या प्रतीवर रक्षकाची वेळेसह सही घ्यायची. सही मिळाली नाही तरी फोटो पुरतो, पण तो त्याच वेळी टाकलेला हवा. तिसरी गोष्ट म्हणजे माल तयार असल्याचा आदल्या संध्याकाळी ५ पर्यंत लेखी निरोप. तो आला नाही तर गाडी दुसऱ्या फौंड्रीला लावायची मोकळीक.

फौंड्रीवाले याला विरोध करतील असं मालकाला वाटतं. थोडा करतीलही. पण तासाच्या दरानं हॉल्टिंगची बिलं यायला लागली की डिस्पॅचचा माणूस संध्याकाळी सहाच्या आत ई-वे बिल करू लागतो. हॉल्टिंगच्या पैशापेक्षा हा बदल मोठा.

ई-वे बिलाची आणखी एक अडचण लक्षात ठेवावी. जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस असं त्याचं आयुष्य आहे, आणि ते भाग ब मध्ये गाडीचा नंबर पहिल्यांदा भरल्यापासून मोजलं जातं. कोल्हापूर ते न्हावा शेवा ४०० किलोमीटरच्या आत बसतं, म्हणजे दोन दिवस. माल भरून व्हायच्या आधीच घाईनं भाग ब भरला आणि गाडी गेटवरच अडली, तर बिलाची मुदत पार्किंग प्लाझाच्या रांगेत संपते. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. ते बघणारा माणूस त्या वेळी जागा हवा.

या बदलांनी शिरोलीतले ३० तास १४ वर येतात असं धरू. पुढच्या कामाचा थांबा ३० वरून २२ वर आणायचं काम ट्रॅफिक इनचार्जचं. फेरा ९० तासांचा, म्हणजे पावणेचार दिवसांचा होतो. कागदावर महिन्याला जवळजवळ ७ खेपा दिसतात. बिघाड, सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामातली कोंडी आणि ड्रायव्हरची रजा धरून हिशेब ६ चाच करावा. सातच्या आशेवर पगार ठरवू नयेत.

आता ड्रायव्हरचा पगार. कायम १४,०००. खेपेमागे १,६००, सहाव्या खेपेपासून ४,०००. खुराकी वेगळी, बाहेरच्या दिवसाला ३००. डिझेल तुटीची कपात बंद. सहा खेपा आणि २२ दिवस धरले तर १४,००० अधिक ८,००० अधिक ४,००० अधिक ६,६००, म्हणजे ३२,६००. जेवणाचे ७,७०० वजा जाता २४,९०० हातात. आधी १६,८०० पडत होते.

मालकाला हे परवडतं का? जुन्या दरानं सहा खेपांना ड्रायव्हरवर २९,२०० गेले असते, आता ३,४०० जास्त. डिझेल तुटीचे १,५०० पेढीवर आले. १५,८०० चे १०,९०० उरतात. पाचशेच्या जागी दहा हजार नऊशे. मात्र थांबा तसाच राहिला आणि खेपा पाचच झाल्या, तर नवा पगार २८,६०० होतो आणि गाडीमागे ३,६०० रुपयांचा तोटा बसतो. म्हणून नवा करार सहीशिक्क्यासह हातात येईपर्यंत पगार बदलू नये. पहिल्या महिन्यात एकाच फौंड्रीच्या दोन गाड्यांवर करून बघावं.

डिझेलची कपात काढून टाकल्यावर चोरी वाढेल, ही भीती रास्त आहे, पण कपात हा त्यावरचा उपाय नाही. एसी चालू ठेवून उभ्या गाडीचं इंजिन तासाला दोन लिटरच्या आसपास डिझेल खातं. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड मालवाहू ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, तेव्हा हा खर्च सगळ्यांकडेच वाढणार. रांगेत पुढं सरकणाऱ्या गाडीचं डिझेल ड्रायव्हरच्या पगारातून कापणं हा उघड अन्याय आहे. टाकीला सेन्सर लावावा, टाकी ठरलेल्या पंपावर भरावी, रिकामी-भरलेली आणि उभी गाडी यांचा हिशेब वेगळा ठेवावा. तरीही फरक राहिला तर त्या माणसाशी समोरासमोर बोलावं.

दंडाचंही तसंच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड आहे. भार किती भरायचा हे ड्रायव्हर ठरवत नाही. हा दंड त्याच्या पगारातून वळता करणारी पेढी माणसं टिकवू शकत नाही, आणि तिथं माणसांनी टिकूही नये असंच आम्ही म्हणू. कास्टिंगच्या कंटेनरमध्ये जागा उरते पण वजन संपतं. अर्धा कंटेनर रिकामा दिसतो म्हणून आणखी दोन पॅलेट सरकवायचा मोह फौंड्रीत रोज होतो. जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. तेव्हा काट्याची पावती गाडी एमआयडीसीतून बाहेर पडायच्या आधी हातात हवी.

कायम पगार जास्त आणि खेपेचा भत्ता कमी, असा झुकाव मुद्दाम ठेवला आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी आलं आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. तीनच खेपा झालेल्या महिन्यात जुन्या पद्धतीनं ड्रायव्हरला १९,६०० मिळतात आणि त्यातच त्यानं जेवायचं. नव्यात १८,८०० आणि वर बाहेर काढलेल्या प्रत्येक दिवसाची खुराकी. नुसती खेपेवर कमाई असली की पूर ओसरताच माणूस झोप न घेता गाडी ताणतो, आणि खंबाटकी असो वा बोरघाट, तिथं त्याची किंमत मोजावी लागते. एका फेरीनंतर सलग आठ तास विश्रांती झाल्याशिवाय गाडी लावायची नाही, हा नियम इनचार्जच्या प्रोत्साहन भत्त्याला (तो पुढं येतो) जोडावा. नियम मोडला तर त्या खेपेचा भत्ता इनचार्जला नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. इथं ३२,६०० पैकी १४,००० कायम, म्हणजे वेतन किमान १६,३०० धरावं लागेल. ग्रॅच्युइटीचा हिशेब त्यावरच. पीएफ २० माणसांपासून लागतो, सहा गाड्यांची पेढी त्यात बसत नसेल तरी स्वेच्छेनं घेता येतो. ड्रायव्हरला उचलीऐवजी पीएफ दिला तर तो जास्त टिकतो, असं आमचं ठाम मत आहे. उचल माणसाला बांधते खरी, पण ती फेडायला दुसरा मालक तयारच असतो.

ऑफिसमधली दोन माणसं

ट्रॅफिक इनचार्जला २४,००० मिळतात. त्याचं मोल एका गोष्टीवर ठरतं: वर येणारी गाडी रिकामी येते की भरलेली. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात आयात मालाचे कंटेनर येतात, फौंड्रीचं भंगार असो की इचलकरंजीचे माग. आयात कंटेनर भरून आणला, खाली केला आणि त्याच कंटेनरमध्ये निर्यातीचा माल भरला, तर वरच्या फेरीचं १६,००० भाडं सुटतं. जादा डिझेल ३,३०० आणि किरकोळ १,००० वजा केले तरी ११,७०० राहतात.

हे म्हणायला सोपं आहे. कंटेनर त्याच शिपिंग लाइनचा हवा, आकार तोच हवा, लाइनची लेखी परवानगी हवी आणि तारखा जुळायला हव्यात. शिवाय भंगार उतरलेला कंटेनर मशीन केलेल्या कास्टिंगला चालत नाही. तळाला तेल आणि लोखंडाचा चुरा असतो, पत्र्याला भोक पडलेलं असतं, आणि ओल शिरली की परदेशात पोहोचेपर्यंत मालावर गंज चढतो. आत उभं राहून दारं लावून घ्यायची आणि कुठून उजेड येतो का बघायचं, ही तपासणी भरण्याआधी झालीच पाहिजे. असे महिन्याला सहा गाड्यांत मिळून चार कंटेनर जुळवले, तर पेढीला ४६,८०० जास्त मिळतात. त्यातले कंटेनरमागे १,००० त्याला द्यावेत. सरसकट दहा टक्क्यांनी त्याला २,४०० मिळाले असते, इथं ४,००० मिळतात, आणि ते त्याच्याच कामातून आलेले असतात.

कागदपत्रं बघणाऱ्या मुलीचा प्रश्न अवघड आहे. इथं १८,०००, नवी मुंबईत एका कस्टम ब्रोकरकडे, म्हणजे आयात-निर्यातदारांचं कस्टमचं काम करणाऱ्या परवानाधारकाकडे, २६,०००. तिथं खोलीतल्या एका कॉटचे ७,०००, मेस ४,५००, रोजचा प्रवास १,५००, महिन्यातून दोनदा घरी यायचे २,५००. उरतात १०,५००. इथं पेट्रोलचे १,५०० जाऊन १६,५०० उरतात. नुसत्या पैशात बघितलं तर तिनं जाऊ नये.

तरी तिनं जावं, असं आम्हाला वाटतं. कस्टम ब्रोकर परवाना नियम, २०१८ खाली 'जी' (G) कार्ड मिळतं ते ब्रोकरच्या कर्मचाऱ्याला, परीक्षा पास झाल्यावर. वाहतूकदाराकडे कितीही वर्षं काढली तरी ते मिळत नाही. कार्डधारक माणूस कस्टम अधिकाऱ्यापुढे ब्रोकरच्या वतीनं काम करू शकतो, आणि मालवाहतुकीच्या ऑफिसकामात पगाराची मोठी उडी तिथंच लागते. पंचविशीच्या आत असताना दोन वर्षं बंदराजवळ काढली की पुढं कोल्हापुरात परत येऊन निर्यातदाराकडे बसलं तरी किंमत वेगळी होते. घरची जबाबदारी असेल, बाहेर राहणं शक्य नसेल, तर मात्र इथलाच पगार नीट मागून घ्यावा.

तो किती मागावा, याचं उत्तर तिच्या चुकीच्या किमतीत आहे. एक कटऑफ, म्हणजे जहाजासाठी कंटेनर बंदरात पोहोचवायची शेवटची वेळ, चुकला तर भरलेला ट्रेलर दोन दिवस उभा राहतो. जुन्या फेऱ्यानं गाडी दिवसाला सुमारे ३,२०० मिळवते, म्हणजे ६,४०० तिथंच गेले, शिवाय पुढच्या जहाजापर्यंत कंटेनर ठेवायचं भाडं. व्हीजीएममधलं वजन आणि शिपिंग बिलातलं वजन जुळलं नाही, फॉर्म १३ मध्ये टर्मिनल चुकलं, सील नंबरचा एक आकडा उलटा पडला, अशा कारणांनी कटऑफ चुकतो. सहा गाड्यांच्या छत्तीस खेपांत हे महिन्याला दोनदा टळत असेल, तर २२,००० पगार जास्त नाही. मालकानं तिला तेवढे द्यावेत, आणि ती थांबो वा जावो, तिच्या हाताखाली दुसरा माणूस आजपासून तयार करावा. सगळे पासवर्ड आणि लाइनवाल्यांचे फोन नंबर एकाच माणसाकडे असणं धोक्याचं आहे.

पैसे वेळेवर यायला हवेत

डिझेल आणि टोलचे पैसे लगेच जातात, पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो, आणि फौंड्री भाडं देते ६० ते ९० दिवसांनी. वरची सगळी मांडणी बरोबर असली तरी या खड्ड्यात पगार अडकतो. अनेक ड्रायव्हर पगार कमी म्हणून सोडून जात नाहीत, तो २० तारखेला मिळतो म्हणून जातात.

पेढीनं उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेली असेल आणि ती सूक्ष्म किंवा लघु गटात बसत असेल, तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसताना १५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. फौंड्रीच्या सीएला हे माहीत असतं. म्हणून बिलावर उद्यम नंबर छापावा, बिल्टीची पोच आणि हॉल्टिंगचं पत्रक त्याच दिवशी जोडावं, आणि मार्चची वाट न बघता दर महिन्याच्या १ तारखेला थकबाकीची यादी पाठवावी. हॉल्टिंगचं बिल वेगळं पाठवलं की ते वेगळ्या टेबलावर पडून राहतं. ते खेपेच्याच बिलात एक ओळ म्हणून टाकावं. हॉल्टिंगचे पैसे आले की त्यातला तिसरा हिस्सा त्या खेपेच्या ड्रायव्हरच्या खात्यावर त्याच महिन्यात जमा करावा, म्हणजे पुढच्या वेळी गेटवर पोहोचताच फोटो काढायची आठवण त्याला करून द्यावी लागत नाही.